गंध लावणे हे काम आहे काय?

सारिका घार्गेनं खंडेनवमीच्या सकाळी आपल्या भावाच्या श्वासयंत्राची पूजा केली, आणि दुपारची ताटं घ्यायच्या आत ती सरकारदरबारी गुन्हेगार म्हणून नोंदली गेली.

गुन्हा काय, तर गंध लावलं.

खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या पोटाचं जे साधन असेल त्याची पूजा होते, हे कराडात कोणाला सांगायला नको. सारिका घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. तिनं शिलाई मशीन पुसलं, कात्र्या पाटावर मांडल्या, त्यांना झेंडूची फुलं वाहिली. मग ती आतल्या खोलीत संग्रामकडे वळली. संग्राम तिचा धाकटा भाऊ. वांकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला जायचा. एका पावसाळ्यात शिडीवरून पडला आणि मानेखालचं सगळं शरीर गेलं. छातीही स्वतःहून हलेना. तेव्हापासून उशाशी ठेवलेलं एक भाकरीच्या डब्याएवढं यंत्र नाकावरच्या मास्कमधून त्याला हवा देत होतं. घरातलं सगळ्यात मोठं साधन तेच, म्हणून पहिल्या वर्षापासून संग्रामचा हट्ट असायचा, "आक्का... माझ्या मशीनला... आधी."

दरवर्षी ती यंत्राला आणि यंत्राच्या पिनेच्या बोर्डाला चिमूटभर कोरडं हळदकुंकू वाहायची. यंदा तिच्या मनात आलं, कोरडं उडतं, मास्कपाशी जाईल, पोराला ठसका लागेल. म्हणून तिनं ते वाटीत पाण्यात कालवलं आणि बोटानं बोर्डावर ओलं गंध ओढलं. गंध जरा पातळ झालं होतं. त्याचा एक ओघळ पिनेच्या भोकात उतरला, तो तिला दिसलाही नाही.

दाराजवळच्या पेटीनं मात्र ऐकला.

सरकारी कागदांत या पेटीचं नाव गृहविद्युत सुरक्षा संच. लोक तिला कानोसा म्हणत. ती कशी चालते हे समजायला फार विद्या लागत नाही. विहिरीत हाक मारली की आवाज काठावर आदळून परत येतो, तसं. कानोसा घरातल्या तारेत सतत विजेचे बारीक बारीक टोले सोडत असतो. तार सलग असेल तर टोला पुढे जातो. जोड, स्क्रू, बोर्ड आला की त्याचा थोडा भाग मागे फिरतो. किती वेळात फिरला यावरून जागा कळते, कसा फिरला यावरून जोड घट्ट आहे की ढिला, तांबं नवं आहे की काळं पडलंय, ते कळतं. अशा हजारो पडसादांतून पेटी प्रत्येक घराचा वितीवितीचा अचूक नकाशा मनात धरून बसते, आणि त्यात काही बदललं की कान टवकारते.

कुंकू हळदीला चुना किंवा तसलाच एखादा क्षार लावून करतात. कोरडं असताना त्याचा विजेला काही उपयोग नाही. पाण्यात कालवलं की क्षार विरघळतो आणि त्या ओल्या रेघेतून वीज झिरपू लागते. किती, तर एखादा काजवाही उजळणार नाही इतकी. तेवढी पेटीला पुरली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कानोसा आला तेव्हा लोकांनी त्याचं स्वागतच केलं होतं, आणि त्यात सारिकाही होती. तिच्याच गल्लीत एका घरी गिझरचा जोड कोणा भुरट्यानं नुसता पिळून चिकटपट्टी लावून ठेवला होता, आणि त्या घरातली सून गेली होती. पेट्या बसल्यापासून असल्या आगी जवळजवळ थांबल्या. चूक पेटीची नव्हतीच. चूक पुढची. पेटीनं ऐकलेल्याचा अर्थ काय लावायचा, हे पूर्वी विद्युत निरीक्षक ठरवायचा. काही निरीक्षक लाच खायचे, काही आळशी होते, सांगलीत एक अर्थ तर साताऱ्यात दुसरा. म्हणून सरकारनं अर्थ लावायचं कामच माणसाकडून काढून घेतलं आणि एका यंत्रणेला दिलं. तिचं नाव अर्थनिर्णय. सगळ्या राज्याला एकच अर्थ, लगेच आणि फुकट. आंधळ्या न्यायाला डोळे आले म्हणून टाळ्या वाजल्या. त्याला कान दिले, डोळे दिले, पण डोकं द्यायचं राहून गेलं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तर पेटीवरचा दिवा लाल झाला आणि श्वासयंत्राचा बोर्ड बंद पडला. यंत्र टुक करून आपल्या पोटातल्या बॅटरीवर गेलं. सारिकानं धावत जाऊन पेटीवरच्या नंबरावर फोन लावला.

"नमस्कार. मी अर्थनिर्णय," आवाज गोड होता, बाईचा होता आणि अजिबात घाईत नव्हता. "आपल्या घरातील जीवाधार पॉइंटवर विनापरवाना विद्युत काम झाल्याचे आढळले आहे. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी पॉइंट बंद करण्यात आला आहे."

"रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी?" सारिका ओरडलीच. "अहो, त्यावर श्वास चालतो त्याचा! आणि काम कसलं? मी पूजा केली. गंध लावलं."

"कलम चारनुसार, स्थायी तारजोडणीतील प्रवाहाचा मार्ग बदलणारी कोणतीही कृती म्हणजे विद्युत काम. आपल्या कृतीने मार्ग बदलला. कृती कोणत्या हेतूने केली, याचा उल्लेख व्याख्येत नाही."

"आता वाळलंसुद्धा ते!"

"होय. वाळल्यामुळे मार्ग पुन्हा बदलला. ती दुसरी कृती म्हणून नोंदवली आहे."

"ती मी नाही केली. पंख्याच्या वाऱ्यानं वाळलं ते."

"पंखा आपल्या ताब्यातील आहे," अर्थनिर्णय म्हणाली.

सारिकाला क्षणभर वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. पण चेष्टा करायलाही माणूस लागतो. आवाजानं पुढं सगळं समजावून सांगितलं. विनापरवाना काम आपण केलं, असं कबुलीनिवेदन सारिकानं द्यायचं. मग परवानाधारक वायरमन येऊन दोष दूर करील आणि पॉइंट सुरू होईल. मात्र कबुली दिलेल्या घराला जीवाधाराचा परवाना राहत नाही. म्हणजे रुग्णाला घरी ठेवता येणार नाही, सरकारी सेवाकेंद्रात हलवावं लागेल. कबुली द्यायची नसेल तर अपील करता येईल. अपिलाचा निकाल तीस दिवसांत लागेल.

"आणि अपील ऐकणार कोण?"

"अर्थनिर्णय."

म्हणजे उंदराला मांजर साक्ष! आणि यंत्राची बॅटरी चालणार होती फार तर उद्या दुपारपर्यंत.

*

सारिकानं धनाजी लोहारला फोन केला. हा पॉइंट बसवला होता तो त्यानंच.

"ताई, आज हत्यारं पूजेला मांडल्यात," धनाजी म्हणाला. "उद्या सोनं लुटल्याबिगर पक्कडीला हात न्हाय लावत आमच्यात. दुसऱ्या कुणाला बी इचारा, आज कोण यायचं न्हाय." मग त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं. "थांबा, आलो. देवाला काय माझ्या पक्कडीचा निवद लागत न्हाय."

तो आला. पक्कडीवरचं कुंकू त्यानं शर्टाच्या टोकानं पुसलं, पाया पडला आणि बोर्ड उघडला. आत कुठं काही नव्हतं. पितळेच्या पट्टीवर एक तांबूस डाग होता. त्यानं तो कोरड्या फडक्यानं पुसला, बोर्ड बंद केला आणि पेटीपुढे उभा राहिला.

"दोष न्हाय," तो म्हणाला.

"दोष आढळला नसल्यास दुरुस्ती झाली असे म्हणता येत नाही," पेटीतून तोच गोड आवाज आला. "दुरुस्ती झाल्याशिवाय पुरवठा सुरू करता येत नाही."

धनाजीनं सारिकाकडे पाहिलं, मग पुन्हा पेटीकडे. "बरं मग. माझ्याच हातनं मागं स्क्रू ढिला ऱ्हायला हुता. त्यो आता आवळला. माझ्या नावावर घाला."

"पूजेपूर्वीच्या पडसादानुसार स्क्रू घट्ट होता. आपले विधान चुकीचे आहे."

"धनाजी, नको," सारिका म्हणाली. "तुमचा परवाना जाईल."

"गेला असता तर गेला असता. त्ये बी घेईना की!" धनाजीनं पक्कड पिशवीत टाकली. पेटी खोटं ऐकून घेत नव्हती आणि खरं तिला समजत नव्हतं. अशापुढं माणसानं करायचं तरी काय?

घरातल्या दुसऱ्या बोर्डाला यंत्राची पिन लावताच पेटीनं तोही बंद केला, तेव्हा शेजारच्या कदमवहिनींनी कुंपणावरून आपल्या घरची वायर टाकली. भल्या बाई. संग्राम पडला तेव्हा महिनाभर त्यांच्या घरून डबा येत होता. सारिकानं यंत्राची पिन त्या वायरीला लावली, यंत्र बॅटरीवरून उतरलं आणि तिनं सुटकेचा श्वास टाकला. पण प्रत्येक यंत्राचं वीज ओढण्याचं आपलं एक वळण असतं, माणसाच्या चालीसारखं, आणि कानोसा ते ओळखतो. कदमांच्या घरची पेटी बोलू लागली. परवाना नसलेल्या घरात जीवाधार यंत्र चालवलं जात आहे, ते त्वरित न काढल्यास या घराचाही पुरवठा बंद होईल.

कदमवहिनी कुंपणाशी आल्या. त्यांना सारिकाच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना.

"सारिका, राग मानू नको गं. आमच्या मामंजींचा इन्शुलिनचा फ्रीज आहे. आणि ह्यांची नोकरीही सरकारी."

"नाही वहिनी. ओढून घ्या," सारिका म्हणाली.

वहिनींनी वायर गुंडाळली. चाळीस पावलांवरचं घर होतं ते, वीस वर्षांचं शेजारपण होतं, आणि एका पेटीच्या दोन वाक्यांनी ते कुंपणापलीकडं गेलं. सारिकाला वहिनींचा राग आला नाही. जिनं चांगल्या माणसाला अशी मान खाली घालायला लावली तिचा आला, आणि तिला तर तोंडच नव्हतं थोबाडीत मारायला.

*

संध्याकाळी तिनं संग्रामच्या पलंगाशी बसून फोनवर ते कबुलीनिवेदन उघडलं. दवाखान्यात नेलं तरी शेवट तोच होता. दवाखाना त्याला पॉइंट बंद असलेल्या घरी सोडणार नव्हता, तिथून गाडी थेट सेवाकेंद्रात जाणार होती.

"करते सही," ती म्हणाली. "जीव तर राहील."

संग्रामला बोलायचं तर यंत्र हवा देईल तेवढ्यात बोलावं लागे. दोनचार शब्द, मग थांबायचं. त्यामुळं तो फुकटचं कधीच बोलत नसे.

"नको," तो म्हणाला.

"मग काय करू? सांग ना!"

"तिथं... मास्क सरकला की... हाक मारता येत न्हाय." यंत्रानं श्वास घेतला. "वाट बघायची... कोण येतंय का... त्याची."

सारिकाला माहीत होतं. अपघातानंतर तो चार महिने त्या केंद्रात होता. पाठीला जखमा पडल्या होत्या, त्यांतून हाड दिसत होतं. तिनं भांडून, हातापाया पडून, ऑफिसांचे उंबरे झिजवून त्याला घरी आणला होता. घरी आल्यावर पहिल्यांदा तो शिलाई मशीनचा आवाज ऐकत झोपला होता. आता तिनं लावलेल्या गंधापायी त्याला परत तिथं धाडायचं?

"आणि इथं काही झालं तर?" तिचा आवाज फुटला. "उद्या दुपारी ही बॅटरी संपली तर? माझ्या डोळ्यांदेखत?"

"इथं... मरंन," संग्राम म्हणाला. "तिथं... नुसता उरंन."

तिनं फोन पलंगावर आपटला. ती रडली, पण ते दुःखाचं रडणं नव्हतं. कोणी कानफटात मारावी आणि वर म्हणावं की ही तुझ्या भल्यासाठी, तेव्हा जे रडू येतं तसलं होतं ते. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि ठरवलं, यंत्राशी पुष्कळ बोलून झालं. आता माणूस गाठायचा.

*

दसऱ्याच्या सकाळी धनाजीला संग्रामजवळ बसवून ती विद्युत निरीक्षकांच्या घरी गेली. केदार मुजुमदारांचा बंगला शोधायला तिला कोणाला विचारावं लागलं नाही. दाराला तोरण होतं, गाडीला झेंडूचा हार होता. आतून श्रीखंड-पुरीचा वास येत होता. मुजुमदार झब्बा घालून बाहेर आले. पन्नाशीचे, सभ्य, थोडे थकलेले. तिला उंबऱ्यावर न ठेवता त्यांनी आत बसवलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"खरं सांगू का, बाई, मला पटतं तुमचं," ते म्हणाले. "गंध लावणं म्हणजे काम नव्हे. लहान मूलसुद्धा सांगेल."

"मग सांगा की तसं त्या पेटीला!"

"तेच तर मला करता येत नाही. अर्थ लावायचा अधिकार आता माझ्याकडे नाही. अर्थ लावला गेला आहे, एवढं तुम्हाला कळवलं गेलं की नाही, हे पाहण्याचा अधिकार माझ्याकडे आहे."

"ते कळलं मला. चांगलं कळलं." सारिका उभी राहिली. तिची नजर दाराजवळच्या भिंतीकडे गेली. मुजुमदारांच्या घरच्या कानोशावर हळदकुंकवाची दोन बोटं उमटलेली होती, वर एक झेंडूचं फूल खोचलं होतं. "हे काय हो, साहेब?"

मुजुमदार गोरेमोरे झाले. "ते... आमच्या हिनं..."

"कोरडं आहे, म्हणून तुम्ही साहेब. माझं ओलं होतं, म्हणून मी चोर. असंच ना?" तिचा आवाज चढला तशी आतून मुजुमदारांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. सारिका थांबली नाही. "अहो, त्याला ठसका लागू नये म्हणून ओलं केलं मी! त्या पोरानं पठारावर जाऊन तुमच्या घरच्या दिव्यांना वीज पुरवली आणि तिथंच त्याची मान मोडली. त्याला श्वासाएवढी वीज द्यायला तुमच्या कायद्यात जागा नाही?"

"कायदा इतका निर्दय नाही, बाई," मुजुमदार घाईनं म्हणाले. त्यांना खरोखरच तिचं समाधान करायचं होतं. "तातडीच्या तपासणीची तरतूद आहे त्यात. जिवाला धोका असेल तर निरीक्षक स्वतः जागेवर हजर असताना बंद केलेला पॉइंटसुद्धा सुरू राहतो. दर तासाला त्यानं पेटीवर अंगठा ठेवायचा, झालं. पण ते तपासणीपुरतं. दहा-पंधरा मिनिटांचं काम."

"पंधरा मिनिटं असं लिहिलंय त्यात?"

मुजुमदार विचारात पडले. "लिहिलेलं नाही. पण अर्थ तोच आहे."

"अर्थ लावायचा अधिकार तुम्हाला नाही, असं आत्ताच म्हणालात," सारिका म्हणाली. "चपला घाला, साहेब."

मुजुमदारांनी बायकोकडे पाहिलं. ती बाई नवऱ्याकडे नव्हे, सारिकाकडे बघत होती. तिनं आत जाऊन गाडीची किल्ली आणली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली.

*

मुजुमदार पोचले तेव्हा यंत्र बॅटरी संपत आल्याचं टुकटुक करू लागलं होतं आणि धनाजी घामानं भिजला होता. मुजुमदारांनी पेटीवर अंगठा ठेवला.

"निरीक्षक हजर. तपासणी सुरू. पॉइंट सुरू," पेटी म्हणाली. दिवा हिरवा झाला आणि टुकटुक थांबली. धनाजी भिंतीला टेकून खालीच बसला.

पाणी पिऊन झालं, चहा झाला, बोर्ड तपासून झाला. मुजुमदार उठले. "मी वरिष्ठांशी बोलतो. काही ना काही मार्ग निघेल."

"इथनंच बोला."

"बाई, तुम्ही मला असं अडवून ठेवू शकत नाही."

"कोण अडवतंय? दार सताड उघडं आहे." सारिका बाजूला झाली, दार खरंच उघडं होतं. "जा तुम्ही. पण एक लक्षात ठेवा. कालपासून जे झालं ते कोणीच केलेलं नाही. पेटीनं ऐकलं, अर्थनिर्णयनं ठरवलं, पॉइंट आपोआप बंद पडला. कोणाचा हात नाही, कोणाचं नाव नाही. आता तुम्ही उंबरा ओलांडलात की तो तुमच्यामुळं बंद पडेल. आता त्याला नाव असेल. जा की. मी बघते."

मुजुमदार उंबऱ्यापर्यंत गेले. तिथं थोडा वेळ उभे राहिले. मग परत येऊन खुर्चीत बसले.

तिथूनच त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठ सणासाठी गावी होते. ते म्हणाले, अपील करायला सांगा, आणि तुम्ही त्या घरात बसलात कशाला, निघा बघू. दुसऱ्याला लावला, तो म्हणाला तुमचं बरोबर आहे, पण माझं नाव घेऊ नका. तिसऱ्यानं उचललाच नाही. तासाची वेळ झाली, पेटीनं अंगठा मागितला. मुजुमदारांनी दिला. पुन्हा तास झाला. पुन्हा दिला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ते जन्मभर दुसऱ्याकडून ऐकत आले होते. आज ते स्वतःच थांबणाऱ्याच्या खुर्चीत बसले होते.

"साहेब... कंटाळलात?" संग्रामनं विचारलं. "मला... सवय हाय."

दुपारी सारिका स्वयंपाकघरात असताना संग्रामला डुलकी लागली, मान कलली आणि मास्क नाकावरून सरकला. हवा फसफसत बाहेर जाऊ लागली. संग्रामचे डोळे उघडले. ओठ हलले, पण आवाज येईना. तो फक्त बघत राहिला, मुजुमदारांकडे. ते तीन ढांगांत पलंगाशी पोचले, त्यांनी मास्क जागेवर बसवला, पट्टा ओढला. हवा पुन्हा छातीत गेली.

"असं... तिथं," श्वास लागल्यावर संग्राम म्हणाला, "कोण... येत न्हाय."

मुजुमदार बराच वेळ पट्टा धरून उभे होते.

ऊन उतरलं. रस्त्यावरून नवे कपडे घातलेली माणसं एकमेकांकडे सोनं द्यायला निघाली. मुजुमदारांच्या मुलीचा फोन आला, बाबा, सगळे थांबलेत, कधी येताय? त्यांनी फोन ठेवला आणि सारिकाकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात आता निरीक्षक उरला नव्हता.

"ताई, मला घरी जायचंय हो."

"त्यालाही घरीच राहायचंय," सारिका म्हणाली.

तेवढ्यात पेटी बोलली. "हजेरीची वेळ झाली आहे. कृपया अंगठा ठेवावा."

मुजुमदार उठले, पेटीपुढे जाऊन उभे राहिले. अंगठा मात्र त्यांनी पुढे केला नाही. "आधी नोंद घे. मी, केदार मुजुमदार, विद्युत निरीक्षक. मी जागा पाहिली, बोर्ड पाहिला, रुग्ण पाहिला. देवाला किंवा यंत्राला गंध लावणं, मग ते ओलं असो की कोरडं, हे विद्युत काम नव्हे, असा अर्थ मी लावतो."

"अर्थ लावण्याचा अधिकार आपल्याकडे नाही," आवाज तितकाच गोड होता. "तो अर्थनिर्णयकडे आहे."

"ठाऊक आहे. तरी लावतो. माझ्या नावावर लिही."

"नोंद झाली. अधिकाराबाहेर कृती केल्याबद्दल आपल्याविरुद्ध कारवाई सुरू होईल. पॉइंटच्या स्थितीत बदल नाही. तपासणी पूर्ण झाली असल्यास आपण जाऊ शकता."

धनाजी उभा राहिला. सारिकाच्या हातातली पळी तशीच राहिली. मुजुमदारांचा चेहरा लालबुंद झाला होता. तिच्या चेहऱ्यावर कालपासून जे पेटलं होतं, ते आज पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या तरी चेहऱ्यावर दिसत होतं.

"पूर्ण झालेली नाही," मुजुमदार म्हणाले आणि त्यांनी पेटीवर अंगठा दाबला, काचेला तडा जाईल इतक्या जोरानं. "तपासणी चालू आहे. उद्या चालेल, परवा चालेल. मी इथून उठत नाही. ज्यांना मला उठवायचं असेल त्यांना म्हणावं, माझ्या जागी येऊन बसा."